‘इतर’ या रकान्यातला माणूस

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आज निवृत्त होत असलेले आमचे स्टूलमामा, चाळीस वर्षांत प्रथमच या छापखान्यात पाऊल ठेवणाऱ्या मामी, आणि समोर बसलेल्या सहकाऱ्यांनो,

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. एक : आपल्याकडे दर दोन वर्षांनी कर्मचारी प्रतिनिधीची निवडणूक होते. दोन : तीत छपाई गट आणि कचेरी गट, असे दोन गट लढतात. तीन : गेल्या सहा निवडणुकांत तिसरा उमेदवार एकच, बांधणी विभागातले हे मामा. चार : सहाही वेळा ते पडले. पाच : सहाही वेळा निवडणूक अधिकारी मी होते.

दोन्ही गटांचे जाहीरनामे मीच तपासत असे. नवी इमारत, नवे उपाहारगृह, वार्षिक सहल! मामांचा जाहीरनामा एका ओळीचा : घडीच्या टेबलाशी छापील कागदांना घड्या घालत आठ तास उभ्या राहणाऱ्या बायकांना बसायला स्टूल. मुद्रितशोधन विभागाची प्रमुख म्हणून सांगते, त्या ओळीत मला कधी काही दुरुस्त करावे लागले नाही. ‘स्टूलमामा’ हे नाव मात्र त्यांना कायमचे चिकटले.

मते कुणाला द्यावीत, हे विचारायला माणसे माझ्याकडे येत. मी सांगे, ‘‘मामा भला माणूस आहे, पण मत वाया घालवू नका.’’ मी स्वतःही ते ‘वाया’ घालवले नाही. सहा वेळा कमी वाईट गट निवडला आणि सहा वेळा पस्तावले. मामी, तुमच्यासमोर हे कबूल करणे अवघड आहे, पण खोटे बोलणे त्याहून अवघड.

निकालाच्या फलकावर मी दोन गटांचे आकडे लिही आणि खाली एक शब्द : ‘इतर’. त्यापुढे काही नाही. पहिल्याच निकालानंतर मामा फलकासमोर उभे राहून म्हणाले, ‘‘बाई, तिसरा मी एकटाच होतो. मग हे ‘इतर’ कोण?’’

मी म्हटले, ‘‘दहाच्या आतला आकडा फलकावर बरा दिसत नाही.’’

‘‘माझा आहे ना? मग मला बरा दिसेल.’’

मी हसून विषय टाळला. पुढच्या पाचही वेळा ‘इतर’च लिहिले, कारण आदल्या वेळी तसे लिहिले होते. दुसऱ्यांच्या असल्या सबबीवर मी लाल शाईने काट मारते.

गेल्या मंगळवारी मी मामांना विचारले, ‘‘निरोपाला काय देऊ? घड्याळ, बॅग?’’ ते म्हणाले, ‘‘माझे आकडे द्या.’’ मी लोखंडी कपाटातून मोजणीचे कागद काढले. मामा, ऐका : चार, सात, सहा, पंधरा, बावीस, अडतीस.

अडतीस! आणि गेल्या वेळी दोन गटांमधले अंतर किती होते? चार.

घडीच्या टेबलावर काम करणाऱ्या एका ताईंना मी हे सांगितले तेव्हा त्या हातातला छापील कागदाचा फर्मा ठेवून म्हणाल्या, ‘‘अगं बाई! आणि मला वाटायचं, मी एकटीच खुळी.’’ सभ्य स्त्री-पुरुषहो, अडतीस जणांना बारा वर्षांत आपण एकटेच खुळे आहोत असे वाटत राहिले, ते माझ्या एका शब्दामुळे. जो आकडा कुणाला दिसत नाही, त्याला कोणता गट घाबरेल? मत वाया जात नव्हते. मी ते वाया घालवत होते.

मामा, तुम्ही जिंकला नाहीत. आजही त्या बायका उभ्याच आहेत, आणि हे तुमच्या मनाला लागले आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज सकाळी मी निवडणूक अधिकारीपद सोडले. पुढच्या महिन्यातल्या निवडणुकीत तिसऱ्या उमेदवार त्याच ताई आहेत. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही आहे. सहाही आकडे फाटकाजवळच्या फलकावर लागले आहेत, जाताना वाचा.

अध्यक्षांनी दिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटे जास्त घेतली, त्याबद्दल दिलगीर आहे. भाषणात काही चुकले असल्यास माफी असावी. मात्र नेमके काय चुकले ते सांगावे. शांतपणे ऐकल्याबद्दल सर्वांचे, आणि मामांना चाळीस वर्षे आमच्यासाठी उसने दिल्याबद्दल मामींचे आभार.

आता पहिल्या रांगेत बसलेल्या दोन्ही गटप्रमुखांना. घडीच्या टेबलाशी स्टूल देणार की नाही, आणि देणार तर कोणत्या तारखेला? शनिवारी दुपारी बारापर्यंत, सहीनिशी, लेखी उत्तर द्यावे. ‘विचाराधीन’ हा शब्द ‘नाही’ असा वाचला जाईल.