बेडकाला चिखल्या का होत नाहीत

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, निजामपुऱ्यातून आलेल्या भावांनो,

माईक हातात दिलाय, पण जीभ उचलत नाही. सकाळपासून ठरवलं होतं, आज बोलायचं नाही. बोलायचं काम बाबाचं. लग्न असो, हळद असो, कुणाची शोकसभा असो, माईक दिसला की बाबा सोडायचा नाही. खाली बसवायला माणूस पाठवावा लागायचा. आज त्याच्याच शोकसभेत त्याला बोलता येत नाही, म्हणून मी उभी राहिलेय.

आत्ताच जनाकाका बोलून बसला. माझा सख्खा काका. तो म्हणाला, "पोरगी त्याच रोगाचं औषध बनवते आनि बापूस त्याच रोगानं गेला. देवाची करनी." काका, नाव तू देवाचं घेतलंस, पण बघत माझ्याकडे होतास. बाबा गेल्यापासून घरी येणारा जो तो तसंच बघतोय. मला कळतं. म्हणून बोलते.

दापोड्याला आमचं शेत होतं. आता तिथे गोदाम आहे. लावणीच्या दिवसांत बाबाच्या पायांना चिखल्या व्हायच्या. तुम्हाला चिखल्या काय ते सांगायला नको. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, चिरते, आग आग होते. आई संध्याकाळी ओटीवर बसून मेंदीचा लेप लावायची आणि बाबा चिखलाला शिव्या घालायचा. एकदा बांधावर एक बेडूक बसला होता. बाबाने त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाला, "गो बाय, हा जलमभर चिखलात. याला कशा न्हाय व्हत चिखल्या?"

शाळेत बाईंना विचारलं, त्या हसल्या. मग त्याच प्रश्नामागे मी शिकत गेले.

बेडकाच्या कातडीतून एक रस पाझरतो. त्यात प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. चिखल्या होतात बुरशीने; हे तुकडे तसल्या बुरशीच्या पेशीला जाऊन चिकटतात आणि तिचं आवरण फोडतात. बुरशी मरते. मी प्रयोगशाळेत त्या तुकड्यांवर काम करते. ते आम्ही तिथेच तयार करतो, बेडूक लागत नाही. हे बाबाला शेवटपर्यंत पटलं नाही. फोन केला की पहिला प्रश्न, "आज किती बेडूक पिळलेस?"

मी त्याला एकदा हेही सांगितलं होतं की बाबा, तुझा बेडूक काही अमर नाही. जगात कितीतरी ठिकाणी बेडूकच बुरशीने मरतायत. एक बुरशी अशी आहे की तिच्यापुढे त्याचा रससुद्धा पुरा पडत नाही. बाबा म्हणाला, "मंग त्यांना कोन बघतंय?"

पण मानकोली नाक्यावर चहाच्या टपरीवर बसला की बाबा छातीठोक सांगायचा. "माझ्या पोरीचं औषध झालंच हाय. निस्ता शिक्का मारायचा बाकी हाय." तुमच्यातल्या किती जणांनी हे ऐकलंय? सगळ्यांनी. मी म्हणायचे, बाबा, असं सांगत जाऊ नकोस. तो म्हणायचा, "होनारच हाय ना? मंग आज बोल्लो त काय बिघाडलं?"

रफीकभाई, तुम्ही मागे खांबाजवळ उभे आहात, मला दिसताय. आमच्या गाळ्यात तुमचे कापडाचे लूम. आतली गरमी, बारा तासांची शिफ्ट, घामाने भिजलेली कंबर, आणि कमरेभोवती पसरलेलं गजकर्ण, तेही बुरशीचंच. बाबा तुम्हाला म्हणायचा, "डॉक्टर के पास मत जाओ, मेरी बेटी का दवा आ रहा है." आणि तुम्ही थांबलात. तुमच्या बायकोला झालं, पोरांना झालं, तरी थांबलात. बाबा गेला त्या दिवशी दारात भेटलात तेव्हा डोळे पुसत मला विचारलंत, "बहनजी, चाचा तो गये. अब वो दवा कब आयेगी?"

मी तशीच आत गेले. तुमचा प्रश्न मात्र माझ्या मागे मागे घरात आला.

आता दवाखान्याचं सांगते. बाबाचं पोटाचं ऑपरेशन झालं. साखर होतीच. आयसीयूतला मुक्काम लांबला, ताप हटेना, आणि रक्तात बुरशी सापडली. चिखल्यांची नव्हे, दुसऱ्या जातीची. डॉक्टरांनी हयगय केली नाही, होती ती सगळी औषधं दिली. ही बुरशी एकालाही जुमानत नव्हती.

तेव्हा जनाकाकाने मला जिन्याजवळ गाठलं. म्हणाला, "तुझ्या फ्रिजमधली एक बाटली आन. कोनाला कललं? आपल्या बापासाठी न्हाय त मंग कोनासाठी?"

काका, मी नाही म्हटलं. का, ते आज सगळ्यांसमोर सांगते. माझ्या प्रयोगशाळेतल्या बशीत ते औषध बुरशी मारतं, खरं आहे. पण त्याच बशीत माणसाच्या रक्ताचा थेंब टाकला तर ते रक्ताच्या पेशीही फोडतं. त्याला अजून आपलं आणि परकं कळत नाही. ते बाबाच्या शिरेत सोडायचं? माझ्या हाताने? मला वाटलं नसेल का काका? प्रयोगशाळेत जाऊन फ्रिजचं दार उघडून मी उभी राहिले होते. बाटली हातात घेतली होती. परत ठेवली आणि तिथेच खाली बसून रडले.

दुसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर होता. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बाबा, माझं औषध तुला देता येत नाय. ते अजून झालंच नाय." मला वाटलं, चिडेल. तोंड फिरवेल. त्याने मास्क थोडा बाजूला केला, इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाला, "कोनाला सांगू नको गो."

एवढंच. नाक्यावर माझी लाज जायला नको, म्हणून. स्वतः मरत होता आणि त्याला माझ्या नावाची पडली होती. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. बोलण्याइतका उरलाच नाही.

मी त्याला हो म्हटलं होतं. आज तो शब्द मोडते.

रफीकभाई, दवा नहीं बनी. कब बनेगी, मुझे भी नहीं मालूम. माझ्या हयातीत होईल की नाही तेही सांगता येत नाही. आता थांबू नका. उद्या बायकोपोरांना घेऊन कातडीच्या डॉक्टरकडे चला, मी बरोबर येते. सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं आणि खाज थांबली तरी डॉक्टर सांगेपर्यंत सोडायचं नाही. आणि तुमच्यातले बाकी जे कोणी बाबाच्या शब्दावर थांबलेत, त्यांनीही थांबू नका. त्याने खोटं म्हणून सांगितलं नव्हतं. त्याला लेकीचं कौतुक होतं, आणि कौतुकाला धीर नसतो.

आता उभे राहूया. बाबाला गप्प बसणं कधी जमलं नाही, आपण त्याच्यासाठी थोडा वेळ गप्प राहू.

बाबा, सगळ्यांना सांगितलं रे. रागावू नकोस.