हिंदुरावांचं तळं

दापोडीच्या बसस्टॉपवर विजयश्रीच्या मागे दोघे जण तावातावानं बोलत होते.

“डोंगरातलं ते तळं ह्यांना म्या दाखवलं. तेरा वर्षं मीच नेलं. अन् यंदा मासे धरायला मलाच सोडून गेले?”

“हिंदुराव, तुम्ही रिटायर झालात. ट्रिप डिपार्टमेंटची असते.”

“मासे काय आयकार्ड बघून गळाला लागत्यात?”

“चिडू नका राव.”

“का नको? सकाळी जंगलातनं फोन केला निर्लज्जांनी! म्हणे, वाट चुकलो.”

“मग? आपटला ना फोन?”

विजयश्रीची बस आली. तिनं ती जाऊ दिली.

“आपटतोय कसला! तासभर वाट सांगितली. पल्याडच्या काठाला गाळ हाय, पाण्यात उतरू नका, हेबी बजावलं. एकालाबी पवता येत न्हाई हरामखोरांना!”