मोकळीक

घशाच्या डॉक्टरांकडं तेजस्वी नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी गळ्याला पट्टी बांधलेले एक म्हातारे सर आणि त्यांची बायको. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ त्यांच्यापुढं येऊन थबकले.

"दिनकर! अरे, मी इलाही."

"त्यांना बोलता येत न्हाय, भावजी. दिवाळीत ऑपरेशन झालं, त्यात आवाज गेला."

"मला कुणी सांगितलं न्हाय, वहिनी."

"तुम्ही घरी येत होता कुठं? आधी दर शनिवारी आमच्या सोप्यात तुमचा अभ्यासगट बसायचा. ह्यांचा इतिहास, तुमचं तत्त्वज्ञान, माने सरांचं राज्यशास्त्र. चहा थंड व्हायचा, पण भांडण न्हाय."

"आमचं तिघांचं पुस्तक लिहून होत आलतं की. एका शब्दावर अडलं. लिबर्टीला मी 'स्वातंत्र्य' म्हणत होतो. हा म्हणायचा, आमच्या कागलची माणसं 'मोकळीक' म्हणत्यात, तेच लिहायचं."

"आणि तुम्ही तावातावानं उठून गेला."

"गेलो. पण त्यानंतर मी वर्गात 'मोकळीक'च शिकवली. दिनकर, तुझाच शब्द बरोबर होता बघ."

दिनकर सरांचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"काय म्हणतोय हा, वहिनी?"

"काय म्हणणार? रिटायर होईपर्यंत हे पोरांना 'स्वातंत्र्य'च शिकवत होते. म्हणायचे, इलाहीचंच खरं हाय."

"मग मला एक फोन करायचा की!"

"आणि तुम्ही केला व्हय, भावजी?"

तेजस्वीचा नंबर पुकारला गेला. ती जागची हलली नाही.