सगळ्या गाठी नंबर एक

आमच्या मामांचं डोकं कसं चालतं, ते मला परवा एका बिघाडामुळं कळलं. ऐका. इंजिनिअरिंग सोडल्यापासून मी जुळे सोलापुरात त्यांच्याच ऑफिसात कोड लिहितो. टॉवेल कारखान्याचं काम होतं. ऑर्डरची एक्सएमएल फाइल, तिच्यातून माहिती काढणारी क्वेरी, आणि टॉवेलांच्या प्रत्येक बांधलेल्या गाठीला पुढचा नंबर देणारं फंक्शन मी जावात लिहून त्या क्वेरीला जोडलेलं. मामांनी बजावलं होतं, "आज चाललं न्हाय तर सोमवारी गुमान कॉलेजात परत जायचं."

नुसतं फंक्शन चालवलं तर एक, दोन, तीन. क्वेरीतून चालवलं तर सगळ्या गाठी नंबर एक! परत चालवलं, परत एक. मला काही सुधरेना.

मामा मागंच उभे. "इंजिनिअरिंग अर्धवट सोडलंस न्हवं, म्हणून."

"मामा, तुमाला जावा येतं व्हय?"

"न्हाय. पण कारण ठाऊक हाय की."

या वयाच्या माणसांना प्रश्न ऐकायची गरजच नसते.

शेवटी सापडलं. फंक्शनला मी आत काहीच पाठवत नव्हतो. म्हणून उत्तर बदलणारच नाही असं धरून क्वेरी त्याला एकदाच विचारायची आणि तेच उत्तर सगळ्या गाठींना चिकटवायची. प्रत्येक गाठीची माहिती आत पाठवली, नंबर सुरळीत.

"काय झालतं रं?"

"क्वेरी लई तुमच्यासारखी हाय, मामा. एकदाच विचारती, मग समोर कायबी येऊ दे, उत्तर तेच."

मामांनी गंभीरपणे मान हलवली. "बरोबर. इंजिनिअरिंग पुरं केलं असतंस, तर हे आधीच कळलं असतं."

क्वेरी दुरुस्त झाली. मामांच्या आत काय पाठवायचं, ते मला अजून कळलेलं नाही.