एका दिवसात सापडलेली स्कुटी

चोरीला गेलेली गाडी पोलिसांनी एका दिवसात शोधून दिल्याचं कधी ऐकलं आहे का? माझी दिली.

दुपारी बाजारातून स्कुटी गेली, तशी मी पोलीस ठाण्यात गेले. जमादार म्हणाले, "बाई, रिपोर्टची घाई काऊन करून राह्यल्या? ओळखीच्यानं नेली असन."

"भाऊ, लिहून तर घ्या."

"आमच्यावर भरोसा नाई का?"

भरोसा नाही, असं त्यांच्याच ठाण्यात बसून कोण म्हणणार? मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आपल्या या दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात, नाकाबंदीत माझी स्कुटी सापडली. डिक्कीत देशी दारूच्या शिश्या होत्या, चोर पळाला होता आणि चोरीची तक्रार कुठेच नव्हती. त्याच जमादारांनी मालकीण म्हणून माझ्यावर गुन्हा दाखल केला.