सव्वा किलो जास्त

—आवो ताई, ती लातूरची गाडी, नळदुर्गची न्हाय. बसा खाली, पिशवी सरकवते. ती बघा, नळाजवळ गुलालानं माखलेली पोरं उड्या मारत्यात ना, त्यातलं खांद्यावर घेतलेलं त्ये माझं — उत्तरेश्वर. इथंच कालेजात हाय. आज कालेजा-कालेजांच्या कुस्त्या व्हत्या, म्या बघायला आलते. पहिल्यांदा. हासू नका — पन्नाशीला आले, पण कुस्ती डोळ्यानं बघितली न्हवती. आमच्या येरमाळ्याकडं बाया फडावर जात न्हाईत. बाया घरी बसत्यात, आन् फडावरनं उचलून आणलेला माणूस बघत्यात.

त्ये सोडा. तर पहिल्या गाडीनं आले — दशम्या, डिंकाचे लाडू, केटलीत दूध. गावात दूध सोसायटी निघालीय, पण सकाळचं दूध म्या तिथं घालतच न्हाय, पोराला ठेवते. बाहत्तरच्या दुष्काळात म्या खडी फोडायची आन् हे आठ वर्साचं लेकरू सरकारी सुकडीवर दिवस काढायचं — त्या पोटाला मायनं घालू नये व्हय? घातलं. सहा लाडू, केटली रिकामी. आन् मग त्यांच्या शिवशरण सरांनी त्याला काट्यावर चढवलं, ज्वारीच्या पोत्यागत! सत्तावन किलोच्या आत पायजे म्हणं. भरला सव्वाअठ्ठावन. सर म्हणले, "काल बरोबर होतास की रे, आज काय दगड खाल्लेस का?" पोरानं माझ्याकडं बघितलं आन् काट्यावरनं उतरलं. म्या पदराचा काठ न्याहाळत बसले. चार चकरा पळवला मैदानाला — भरल्या पोटी काय पळतंय, गाभण म्हशीगत चाललं बिचारं.

आता अडाणी बाईला वजनाचं काय ठावं? — व्हय, सरांनी चिठ्ठी दिलती. पोरानंच वाचून दाखवली, वजन होईस्तोवर पाणी सुदीक पिऊ नको म्हणून. मग? माय समोर घास धरून बसल्यावर कोणतं पोर न्हाय म्हणंल? ठावं व्हतं मला. लाडू काय उगं सहा आणले न्हवते. वाटलं, काटा न्हाय म्हणंल, पोरगं कापडं घालंल, दोघं दुपारच्या गाडीनं घरी जाऊ. तोंडानं मना करून दमले व्हते. ह्याचे वडील नऊ वर्सं बाजेवर व्हते, ताई. मान मोडली. अंगावर माशी बसली तर म्या हाकलायची. नारळाची कुस्ती व्हती ती — एका नारळाची!

पण माझी अक्कल बघा. ह्यांच्याच कालेजाचं वरच्या गटातलं पोरगं तापानं आलंच न्हवतं. सर म्हणले, "चल, बासष्टात खेळ." न्ह्यायला निघाले व्हते घरी, आन् ढकलला रेड्याफुडं! तुळजापूरकडचा कोण त्यो, मान कुठं संपती आन् खांदा कुठं सुरू व्हतो, कळंना. म्या डोळे गच्च मिटले. शेजारी एक कालेजातली पोर व्हती, ती सांगाया लागली — मावशी, खाली गेला… मावशी, सुटला… मावशी, वर आला! वर आला म्हणल्यावर डोळे उघडले. त्यो रेडा गादीवर पालथा, माझं पोर त्याच्या पाठीवर. आन् कोण तरी बाई वरडायली — "मान धर! मान दाब त्याची, सोडू नको!" म्हणलं, कोण ही सटवी, हिला काळीज हाय का न्हाय? तर त्या पोरीनं माझा हात धरला — मावशी, बसा खाली.

म्याच, ताई. उभी व्हते. डोईवरचा पदर कुठं, पिशवी कुठं.

जिंकलं. आता औरंगाबादला जायाचं, विद्यापीठाकडनं, म्हईनाभर तालमीत ऱ्हायाचं. सर म्हणले, "कडूबाई, आता ह्याच गटात ठेवू, खाऊ घाला पोराला." पोर पाया पडलं — आये, तुझ्या लाडवांची करामत. आन् म्या काय म्हणावं? म्हणले, आणखी करून देते.

त्या दुसऱ्या पोराला? काय व्हतंय त्याला? उठला असंल की. उचलूनच न्हेलं म्हणं, पण तसं न्हेत्यात. म्या न्हाय बघितलं. त्याची माय? — मला काय ठावं, आली व्हती का न्हाय! तुमाला कशाला पंचाईत? ती बघा नळदुर्ग लागली. जावा, ताई. जावा म्हणते ना.