थर्मन यंदा उठत नाही

—छे हो साहेब, मी सांगून तो उठायचा नाही! अख्खा जन्म संसार केलाय मी याच्याशी, पहिल्या हाकेला कधी उठलेला नाही — आणि आता तर मेलाय. तुमच्याच पार्कात, तुमच्याच तोफेनं, निम्म्या केंटकीच्या देखत. टाळ्या नाही का वाजवल्यात? पाहिलं मी, सरबताचा पेला काखेत धरून वाजवत होतात!

नवे आहात, म्हणून सांगते. दरवर्षी इथं यादवी युद्धातल्या जुन्या लढाईचं नाटक होतं — पुरुष भर उन्हाळ्यात लोकरीचे कोट घालून मरतात, आम्ही बायका हे घेराचे झगे घालून विधवा होतो. मरण्यातही मेल्यांची चोखंदळ निवड! क्लीटस हार्परला गोळी उन्हात लागते, पण तो धावत मेपलच्या सावलीत येतो आणि मग कोसळतो. पाद्रीबाबा तर कोंबडीच्या तळणाचा वास येईल त्या अंगालाच धारातीर्थी पडतात. मग बिगुल वाजतो — की सगळे मेलेले उठून, गुडघे चोळत, जेवायला. पोरंटोरं तर तेवढं बघायलाच येतात. यंदाही उठले सगळे. आमचा म्हातारा मात्र त्या स्मारकाच्या दगडाशी तसाच. बिगुलवाल्यानं बिचाऱ्यानं पुन्हा वाजवला — गाल फुगवून फुगवून! अहो, घाबरता काय, पोट हलतंय की त्याचं. जिवंत आहे. नुसता मेलाय.

का म्हणून मला विचारता? तुमच्या कचेरीलाच विचारा ना! आमच्या लायलचं, आमच्या मुलाचं, नाव त्या दगडावर घाला म्हटलं, तर कचेरीवाले किती अदबीनं नाही म्हणाले — 'या भूमीवर पडलेल्यांसाठीच हा दगड.' अस्सं? मग तो वरून तिसरा, एझ्रा पूल, तो कुठं पडला? लढाई संपून पंधरवडा झाल्यावर, पलीकडच्या गावात, कुणाच्या तरी कोठारात, जुलाबानं! त्याची पणतवंडं छाती फुगवून सांगतात गोष्ट — जुलाब तेवढे गाळून. त्याचं नाव चालतं. म्हणजे लढाईनं आतडी पोखरली तर वीर, आणि डोकं पोखरलं तर —

काय? नाही. कंदाहारला फौजेत होता, पण तिथं नाही गेला जीव त्याचा. म्हणजे — तिथंच गेला म्हणायचं. घरी धड आला होता हो, हातपाय सगळे जागच्या जागी. गावानं झेंडे लावले, मी मक्याची भाकरी केली, त्यानं ती ताटात कुस्करली नि बसून राहिला. गॅरेजमध्ये झोपायचा. म्हणायचा, आई, घरात फार शांत आहे. वर्षभर असंच. मग एका सकाळी गॅरेजचं दार थर्मननं उघडलं. मला आत जाऊ दिलं नाही — अजून जाऊ देत नाही, गाडी बाहेर पावसात गंजतेय. मी गावभर 'लढाईत गेला' असंच सांगते, आणि त्यात खोटं काय आहे, सांगा ना? — हे तुम्हाला कशाला सांगत बसले मी! तुमचा चेहराच मेला असा, पडेल पाद्र्यासारखा.

थर्मन आज कोटाची बटणं लावताना एवढंच म्हणाला — व्हर्ना, बिगुल वाजला की सगळ्यांची पोरं उठतात. बस्. आणि हा पडला तो पडलाच. आता नाव कोरल्याशिवाय उठायचा नाही, मी ओळखते त्याला.

पोलीस? बोलवा की! शेरीफची कंबर धरलीय, तो वाकायचा नाही. फाटक बंद करताय? खुशाल करा, मेलेला माणूस फाटकाकडं बघत नसतो. काय म्हणालात — बघ्यांनी बाहेर व्हायचं? मी बघी? मी? धरा ही टोपी. धरा म्हणते ना! थर्मन, सरक पलीकडं, कोपर टोचतंय... हां. आता साहेब, जे काय विचारायचं ते दगडाला विचारा. मी मेलेय.